अछामच्या शाळेसाठी पुण्यातून मोहीम आखताना

पत्र (थोडक्यात) : आम्ही कोथरूडमधील एका सोसायटीचे महिला मंडळ आहोत. आमच्याकडे नऊ वर्षे रखवाली करणारे बहादूर हे नेपाळमधील अछाम जिल्ह्याचे आहेत. गेल्या दसऱ्याला गावी जाऊन आल्यावर त्यांनी आपल्या मुलीच्या शाळेचा व्हिडिओ दाखवला. एका खोलीत दोन वर्ग बसतात आणि पावसात पत्रा गळतो. येत्या गणेशोत्सवात १५ लाख रुपये जमवून तिथे दोन वर्गखोल्या बांधाव्यात, असे आम्ही ठरवले आहे. १५ ऑगस्टला शुभारंभ, मुलांच्या फोटोंचे फ्लेक्स, गाण्यांचा एक कार्यक्रम आणि उद्घाटनाला दहा जणींनी तिकडे जाणे असा बेत आहे. माझा भाचा म्हणतो की ही ‘पब्लिक डिप्लोमसी’ (दुसऱ्या देशातील लोकांशी थेट नाते जोडून आपल्या देशाविषयी आपुलकी निर्माण करणे) आहे, दूतावासालाही सामील करून घ्या. काही सभासद विचारतात, ‘मेळघाटात मुले नाहीत का?’ आपल्या देशाचे नाव व्हावे ही इच्छा गैर आहे का? मोहीम कशी आखावी?
— एक निवृत्त शिक्षिका, पुणे

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची आखणी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. आपल्या देशाचे नाव व्हावे ही इच्छा मुळीच गैर नाही. मात्र ते नाव तिथल्या माणसांनी आपणहून घ्यावे लागते, आपण फलकावर रंगवून ते होत नाही. म्हणून मोहिमेचा विचार उद्घाटनाच्या दिवसापासून मागे न करता पाचव्या वर्षापासून मागे करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पाच वर्षांनी त्या शाळेत कोणती गोष्ट चालू असेल, ती कोण चालवत असेल आणि त्या वेळी तुमचे नाव कोणत्या सुरात निघत असेल, हे आधी कागदावर लिहा.

मेळघाटाचा प्रश्न विचारणाऱ्या सभासदांवर रागावू नका. तो प्रश्न रास्त आहे आणि त्यांच्यापैकी कोणी मेळघाटासाठी काम उभे करणार असेल तर त्यांना मनापासून साथ द्या. तुमच्या बाबतीत मात्र अछाम हे नकाशावर बोट ठेवून निवडलेले गाव नाही. नेपाळच्या सुदूरपश्चिम भागातून, म्हणजे अछाम, बाजुरा, बझांग, डोटी या जिल्ह्यांतून, पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबई-पुण्याला रखवालीसाठी आणि हॉटेलांतील कामासाठी येत आली आहेत. तुमच्या फाटकापाशी रात्र जागून काढणारा माणूस आपल्या लेकीचा अभ्यास घ्यायला घरी नसतो, आणि तो नसतो म्हणून तुम्ही निर्धास्त झोपता. त्या शाळेशी तुमचे देणे-घेणे नऊ वर्षांपूर्वीच सुरू झाले आहे.

याच संदर्भात एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. तुमच्या मूळ पत्रात ‘बहादूर’ हा शब्द सात वेळा आला आहे. ते त्यांचे खरे नाव आहे का? पुण्यात प्रत्येक नेपाळी रखवालदाराला बहादूर म्हणण्याची सवय इतकी रुळली आहे की, त्यात काही खटकावे असे कोणाला वाटत नाही. पण ज्याला ती हाक रोज ऐकावी लागते त्याला आपले नाव ठाऊक असते. त्यांचे पूर्ण नाव, गाव, पालिका, वॉर्ड, मुलीची इयत्ता आणि मुख्याध्यापकांचे नाव एका वहीत नीट लिहून घ्या आणि पुढच्या प्रत्येक बैठकीला त्यांना खुर्चीवर, इतरांच्या बरोबरीने बसवा. तुमच्या भाच्याने सांगितलेली पब्लिक डिप्लोमसी, म्हणजे लोकांनी लोकांशी जोडलेले नाते, पहिल्यांदा त्या खुर्चीत बसलेले दिसू द्या.

या विषयातले माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण आपल्या सोलापूरचे आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला वैद्यकीय मदत पाठवावी म्हणून काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. लोकवर्गणीतून सुमारे २२ हजार रुपये जमले आणि एका रुग्णवाहिकेसह पाच डॉक्टर रवाना झाले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही होते. ते २२ हजार रुपये कशावर खर्च झाले हे आज कोणाला सांगता येणार नाही, परंतु कोटणीस तिथे राहिले, चिनी भाषा शिकले, तिथल्याच माणसांत संसार मांडला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले; त्यांचे नाव चीनमध्ये अजून आदराने घेतले जाते. दोन्ही देशांत पुढे युद्ध झाले, तरीही ते नाव पुसले गेले नाही.

याच्या अगदी उलट घडलेली गोष्टही ध्यानात ठेवा, आणि ती नेपाळमधलीच आहे. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपानंतर भारताचे मदतपथक त्याच दिवशी तिथे पोहोचले होते. मदत खरी होती आणि वेळेवर होती. तरीही पुढच्या काही दिवसांतच ‘भारतीय माध्यमांनो, घरी जा’ अशी मोहीम नेपाळी तरुणांनी समाजमाध्यमांवर चालवली, कारण ढिगाऱ्यापाशी रडणाऱ्या आईपुढे माइक धरणारे वार्ताहर आणि उपकाराची सतत चाललेली उजळणी त्यांना सहन झाली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरपासून काही महिने सीमेवरची मालवाहतूक अडली. भारताने आपला संबंध नाकारला, पण तिथल्या घराघरांत ती भारताची नाकाबंदी म्हणूनच लक्षात राहिली आहे. अशा ठिकाणी तिरंग्याचा मोठा फलक लावून आलेली मदत आधी संशयाने पाहिली जाईल. १५ ऑगस्टचा शुभारंभ म्हणूनच नको. तो आपला दिवस आहे, त्यांचा नाही.

आता वर्गखोल्यांविषयी. बांधकाम हा तुमच्या मोहिमेचा गाभा असू नये. भूकंपप्रवण डोंगराळ मुलखात शाळेची इमारत मान्य नकाशाप्रमाणे आणि अभियंत्याच्या देखरेखीखालीच उभी राहिली पाहिजे, माल चढवून नेण्याचा खर्च मोठा असतो, आणि अर्धवट राहिलेली भिंत ही गावाच्या दृष्टीने न आलेल्या मदतीपेक्षा वाईट असते. शिवाय या कामासाठी वेगळी वाट उपलब्ध आहे : काठमांडूतील भारतीय दूतावास २००३ पासून नेपाळमध्ये छोटे सामुदायिक प्रकल्प राबवत आला आहे, त्यांत शाळांच्या इमारती मोठ्या संख्येने आहेत, आणि जानेवारी २०२४ मधील करारानुसार एका प्रकल्पाची मर्यादा २० कोटी नेपाळी रुपयांपर्यंत वाढली आहे. हे प्रकल्प तिथल्या स्थानिक पालिकांमार्फत होतात. २०१५ च्या राज्यघटनेनंतर नेपाळमध्ये बारावीपर्यंतचे शालेय शिक्षण पालिकांच्या अखत्यारीत आले आहे, त्यामुळे खोल्यांची मागणी पालिकेने करावी हेच योग्य. त्या अर्जाचा पाठपुरावा करायला मुख्याध्यापकांना तुमची मदत झाली, तर तुमच्या १५ लाखांतला रुपयाही न लागता छप्पर बदलण्याचा संभव आहे.

मग पैसे कशासाठी? जे कोणत्याही योजनेत बसत नाही त्यासाठी. ते काय, हे पुण्यात बसून ठरवता येत नाही, आणि हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात दीड महिना खपून सीमेपलीकडच्या एका शाळेसाठी पुस्तके जमवली होती. चकचकीत इंग्रजी पुस्तकांची अकरा खोकी झाली. वर्षभराने मी तिथे गेलो तेव्हा मुख्याध्यापकांनी मोठ्या अगत्याने कपाट उघडून दाखवले. आम्ही मारलेली सुतळी नऊ खोक्यांवर तशीच होती. मुलांना ती भाषा वाचता येत नव्हती आणि आम्हाला वाईट वाटेल म्हणून ते कोणी कळवले नव्हते. पुढे मला कळले की केनियाच्या ग्रामीण शाळांमध्ये संशोधकांनी हेच मोजून पाहिले होते : सरकारी इंग्रजी पाठ्यपुस्तके वाटल्याचा लाभ फक्त आधीच हुशार असलेल्या मुलांना झाला, कारण बहुतेकांसाठी इंग्रजी ही तिसरी भाषा होती. अछाममध्ये घरची बोली अछामी, पाठ्यपुस्तक नेपाळी. तिथेही पहिलीतल्या पोरीपुढे एक भाषा ओलांडण्याचे काम असतेच.

इथे तुमच्यासारख्या शिक्षिकांचे खरे भांडवल आहे. नेपाळी देवनागरीतच लिहितात. त्यांचे पहिलीचे पुस्तक हातात घेतले तर तुम्हाला अर्थ अडला तरी अक्षर अडणार नाही. मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीप्रमाणे गटात बसवून दिवसाचा थोडा वेळ शिकवण्याची जी पद्धत १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने विकसित केली, ती पुढे झांबियाच्या सरकारी शाळांपर्यंत पोहोचली आहे. दोन वर्ग एकाच खोलीत बसतात ही तुम्हाला दिसलेली अडचण अशा पद्धतीला फारशी आड येत नाही. म्हणून माझी सूचना अशी की, तुमच्या खर्चाचा मोठा भाग त्या शाळेतील दोन-तीन शिक्षकांना त्यांच्या सुटीत पुण्याला बोलावण्यावर करावा. १९५० च्या करारापासून नेपाळी नागरिकांना भारतात यायला व्हिसा लागत नाही. दोन आठवडे ते तुमच्या सोसायटीतल्या घरांमध्ये राहतील, शहरातल्या चांगल्या शाळांमध्ये बसतील, आणि संध्याकाळी आपल्या गावच्या माणसाच्या केबिनमध्ये चहा घेतील. हा खर्च भारतातच होत असल्याने पैसे बाहेर पाठवण्याचे प्रश्नही त्यापुरते उरत नाहीत. पुण्याला ही रीत नवी नाही : फर्ग्युसनच्या वसतिगृहात काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या विद्यार्थ्याला एक मुलगी खिडकीतून डबा देत असलेली डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी पाहिली, परक्या देशातल्या मुलांच्या एकटेपणाचा विचार त्यांच्या मनात तिथून सुरू झाला, आणि त्यातून १९७१ मध्ये सिंबायोसिस उभी राहिली.

फ्लेक्सवर मुलांचे फोटो अजिबात लावू नका. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात मुलाच्या खासगीपणाचा हक्क नमूद आहे आणि भारत व नेपाळ दोघेही त्याला बांधील आहेत; पण करार बाजूला ठेवला तरी, फाटक्या स्वेटरातल्या आपल्या मुलीचे छायाचित्र कर्वे रस्त्यावरच्या चौकात टांगलेले तिच्या वडिलांनी रोज पाहावे का, एवढाच विचार करा. आणखी एक मोह होईल. पाळीच्या दिवसांत मुलींना घराबाहेरच्या झोपडीत ठेवण्याची ‘छाउपडी’ ही प्रथा अछाममध्ये आहे, हे तुम्हाला इंटरनेटवर लगेच सापडेल, आणि महिला मंडळ म्हणून तो विषय पत्रकावर घ्यावासा वाटेल. २०१७ च्या कायद्याने नेपाळने ती प्रथा दंडनीय ठरवली आहे आणि तिथल्या बायका ती लढाई स्वतः लढत आहेत. शाळेत मुलींसाठी पाणी असलेले, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह हवे असे शिक्षिकांनी सांगितले तर त्यासाठी जरूर पैसे द्या, परंतु ती लाज पुण्यात वर्गणीसाठी वापरू नका. पत्रकावर शाळेचे चित्र हवेच असेल तर मुलांनीच काढलेले मागवा.

पैशांच्या बाबतीत कायद्याची बाजू आधी पक्की करा. तुमचे मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब सादर करावा लागतो. गणेश मंडळे दरवर्षी घेतात तीच ही परवानगी, त्यामुळे तुमच्या भागातील कोणत्याही जुन्या मंडळाचा खजिनदार तुम्हाला कागदपत्रे सांगेल. एखाद्या नोंदणीकृत न्यासाच्या नावाने पैसे गोळा करणार असाल, तर त्या न्यासाच्या लेखापालाला एकच प्रश्न लेखी विचारा : भारताबाहेर खर्च केलेल्या रकमेवर करसवलत टिकेल का? १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ११(१)(सी) प्रमाणे अशा खर्चासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा आदेश लागत असे. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून उत्तर चालू क्रमांकासह घ्या. ते हाती येईपर्यंत देणगीदारांना करसवलतीच्या पावतीचे (जुन्या कायद्यातील ८० जी) आश्वासन देऊ नका.

परदेशी देणगीच्या २०१० च्या कायद्याबद्दल बराच गोंधळ असतो. तो कायदा बाहेरून भारतात येणाऱ्या पैशासाठी आहे, भारतातून जाणाऱ्या पैशासाठी नाही. मात्र तुमच्या पत्रात एका सभासदाचा अमेरिकेतील मुलगा मदत करणार असल्याचा उल्लेख आहे. तो अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर त्याचा एक डॉलरही मंडळाच्या खात्यात येता कामा नये. त्याने आपली मदत थेट नेपाळमधील संस्थेला द्यावी. व्यक्तींना दरवर्षी अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना मंडळांना किंवा न्यासांना लागू नाही, आणि नेपाळशी होणारे व्यवहार परकीय चलनाऐवजी रुपयांत करावे लागतात. त्यामुळे बँकेच्या परकीय व्यवहार पाहणाऱ्या शाखेत जाऊन, तुमच्या नेमक्या बाबतीत कोणता मार्ग चालेल, हे लेखी घ्या. दसऱ्याला गावी जाणाऱ्या माणसाच्या पिशवीत रोकड देऊन तर चुकूनही पाठवू नका. वाटेत काही झाले तर आळ त्याच्यावर येईल. तिकडे पैसे घेणारी संस्था नेपाळच्या समाजकल्याण परिषदेशी संलग्न असावी आणि बाहेरचा निधी स्वीकारण्याची मंजुरी तिने घेतलेली असावी.

एक छोटी बाब मोठे गैरसमज टाळते. दोन्ही देशांत रुपयाच चालतो आणि १९९३ पासून १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा दर स्थिर आहे. तुम्ही सभेत ‘५ लाख’ म्हणालात तर गावाने ते कोणते समजायचे? प्रत्येक पत्रात ‘भारु’ आणि ‘नेरु’ असे दोन्ही आकडे लिहा. तुमचे १५ लाख म्हणजे तिकडचे २४ लाख. ते ३ वर्षांत वाटले तर दरवर्षी ८ लाख नेपाळी रुपये. पहिल्या वर्षाचा शब्द द्यायच्या आधी किमान दोन वर्षांचे पैसे खात्यात असू द्या, आणि शिक्षकाचा नियमित पगार स्वतःवर घेऊ नका, कारण ज्या दिवशी तो बंद पडेल त्या दिवशी वर्ग बंद पडेल.

दूतावासांना जरूर कळवा; काठमांडूतील आपल्या आणि दिल्लीतील नेपाळच्या दूतावासाला एकेक पानाचे पत्र पुरे आहे. पाहुणे म्हणून बोलावण्याची घाई नको. गाण्यांचा कार्यक्रम करा, आणि पुण्यात राहणाऱ्या नेपाळी कुटुंबांना त्यात प्रेक्षक म्हणून न बोलावता गायला बोलावा. दहा जणींच्या दौऱ्याऐवजी या दसऱ्याला दोघींनी जावे. दिल्लीहून बनबसा किंवा गौरीफंटा या नाक्यावरून, तुमचे रखवालदार ज्या बसने जातात त्याच बसने, त्यांच्याबरोबर जा. तिथे भाषण करू नका, वचन देऊ नका. विद्यालय व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मागे बसून ऐका आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्या. नेपाळचे शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होते. दसऱ्यापासून तोवर सहा महिने मिळतात आणि आखणीला ते पुरेसे आहेत. गणेशोत्सवातील वर्गणीचे आवाहन यंदा ‘शिक्षकांना पुण्याला बोलावण्यासाठी’ एवढ्यापुरतेच ठेवा.

आणि जाण्यापूर्वी समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहा, आजच. मराठीत लिहा, त्याखाली तुमच्या रखवालदारांकडून, त्यांच्या खऱ्या नावाच्या उल्लेखासह, त्याचे नेपाळी करून घ्या आणि दोन्ही मजकूर एकाच कागदावर ठेवा. तुम्ही कोण आहात, त्यांच्या गावचा माणूस तुमच्याकडे किती वर्षे आहे आणि त्याच्यामुळे तुम्हाला शाळेची ओळख कशी झाली, हे सांगा. पैशांचा उल्लेख करू नका. शेवटी एवढेच विचारा की तुमच्या शाळेत यंदा कोणती गोष्ट चांगली चालली आहे आणि कोणत्या गोष्टीसाठी माणूसबळ कमी पडते आहे. उत्तर आले की मला जरूर कळवा. अंदाजपत्रकाच्या रकान्यांविषयी आपण त्यानंतर बोलू.